गेटला बांधलेली गोरगोर

उद्या दहाच्या सुमाराला माझा भाऊ कंपनीच्या गेटवर येईल, वेरोनाने बांधलेली गोरगोर सोडेल, आणि वेरोना तिथून उठणार नाही. तीन दिवस झाले, माझ्या डोक्यात एवढंच घोळतं आहे. गोरगोर सुटली की ती हरेल, हे तर आहेच. पण हरल्यावरही ती जागची हलायची नाही. खोदयंत्र चालू होईल, कावियेंग शहरातून पोलिसांची गाडी आलेली असेल, आणि माझी मुलगी झोळी मांडीवर घेऊन तिथंच बसून राहील. तिला दम्याचा त्रास आहे. धूळ उडाली की श्वास अडकतो. पंप जवळ आहे का, हे मी आज तीनदा विचारलं. तीनदा ती "आहे" म्हणाली, पण झोळीतून काढून काही दाखवला नाही.

झोप येत नाही म्हणून वही घेतली आहे. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे मनात गुंता झाला की लिहायला बसायची सवय. वेरोनाबद्दल जे खरं आहे ते एकदा क्रमाने मांडावं, म्हणजे उद्याचं काहीतरी सुधरेल असं वाटतं.

गोरगोर म्हणजे रानआल्याचा दांडा, पानांसकट. ज्या वाटेने, ज्या झाडाकडे, ज्या होडीकडे कुणी जाऊ नये तिथे तो आडवा बांधायचा. आमच्या किनाऱ्यावरच्या पोराला त्याचा अर्थ चालता येण्याआधी कळतो. वेरोनाने पहिल्यांदा तो बांधला तेव्हा ती सात वर्षांची होती. घरामागच्या आंब्याला बांधला. तिचे दोघे भाऊ कैऱ्या पाडून, मीठ लावून संपवून टाकायचे आणि हिच्या वाट्याला कोय यायची. एका सकाळी उठून बघतो तर बुंध्याला हिरवंगार रानआलं. मुलांनी आरडाओरडा केला. माझे यजमान एनोक हसून म्हणाले, "पोरखेळ आहे, सोडून टाका." पण सोडायला कुणी पुढे होईना. तेसुद्धा झाले नाहीत.

शेवटी माझी आई आली.

"कुणी बांधलं?"

"मी," वेरोना म्हणाली.

"का गं?"

"हे मला न विचारता खातात."

आईने झाडाकडे पाहिलं, नातवांकडे पाहिलं. "बरं. आता एक ऐक. बांधणाऱ्याला घरी जाऊन झोपता येत नाही. त्याने तिथं असायला हवं. बांधून विसरलीस तर पुढच्या वेळी तुझ्या गाठीला कुणी विचारणार नाही."

मग ही बाई दोन आठवडे आंब्याखाली. अभ्यास तिथे, जेवण तिथे, शाळेतून धावत परत तिथेच. आंबे पिकले, पडले, निम्मे कुजले, पण भाऊ माफी मागेनात आणि ही गाठ सोडेना. दोघांनी नाक घासलं तेव्हा झाडावर अकरा आंबे उरले होते. तिने अकराच्या अकरा आळीत वाटून टाकले. तिला आंबा मुळात आवडतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

कंपनी आमच्या गावात आली ती आठ वर्षांपूर्वी. फिलिपीन्समधल्या जनरल सांतोस शहरातली, टूना मासा डब्यात भरणारी. ह्या किनाऱ्याने त्याआधी राज्य करायला आलेले जर्मन पाहिले, जपानी पाहिले, ऑस्ट्रेलियन तर किती वर्षं पाहिले. पण हे लोक निराळे वाटले. आमच्याच रंगाचे, रविवारी आमच्याच चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारे, हाताने भात कालवून खाणारे. त्यांचा पहिला मॅनेजर म्हातारा होता. त्याने जागा मागितली ती रीतीने. आमच्याकडे जमीन आईकडून मुलीकडे येते, आणि तिच्याबद्दल लोकांसमोर बोलायचं काम भावाचं असतं. तो कुळातल्या बायकांनी सांगितलेलं बोलतो. तर माझी आई चटईवर बसली, मागे आम्ही सगळ्या, आणि तिने ठरवलेलं माझ्या भावाने उभं राहून गावाला ऐकवलं. डुकरं कापली. मग आई स्वतः चालत जाऊन जागेचे चार कोपरे दाखवून आली. ओढ्याच्या तोंडाशी पोचल्यावर थांबली. तिथे ओहोटीला वाळूतून गोडं पाणी वर उसळतं, सगळ्या गावाच्या बायका तिथून पाणी नेतात. आई म्हणाली, "इथपर्यंत. इथून पुढं पाणी आमचं." म्हाताऱ्या मॅनेजरने मान डोलावली आणि डुकराचा तुकडा हातात घेऊन आमच्या शेजारी बसून खाल्ला.

वेरोना तेव्हा कावियेंगला मासेमारीच्या कॉलेजात होती. कंपनीत लाग म्हणून तिच्यामागे मीच लागले. घराजवळ राहील, औषधपाण्याकडे मला लक्ष देता येईल, असा माझा हिशेब. कंपनीने पहिल्या तुकडीत तिला निवडलं आणि सहा महिने शिकायला जनरल सांतोसला पाठवलं.

तिथे तिच्यावर लूझ नावाची एक बाई नेमली होती. पन्नाशीची, तीस वर्षं टूना साफ करत आलेली. वेरोना तिला लूझताई म्हणायची. कारखान्याच्या मागे समुद्र, पण समुद्राकडे जायला वाट नाही, सगळीकडे कुंपण. एकदा जेवणाच्या सुट्टीत हिने विचारलं, "ताई, हा किनारा कुणाचा?"

"कंपनीचा."

"त्याआधी कुणाचा होता?"

"त्याआधी दुसऱ्या कंपनीचा."

"आणि त्याच्याही आधी?"

लूझताईने चमचा खाली ठेवला. "तू मासे साफ करायला आलीस की माझी चौकशी करायला?"

पण दोन दिवसांनी ती आपणहून हिच्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आत्ता बर्फाचा कारखाना आहे ना, तिथं माझ्या आजोबांची होडी लागायची. कुणी हाकललं नाही त्यांना. एक कागद आला, आणि त्याच्यावर गावातल्या कुणाची तरी सही होती. कोण तो माणूस, आम्हाला अजून कळलेलं नाही." मग हिच्या गालाला हात लावून म्हणाली, "तुझ्या गावात कागद आला तर मजकूर नंतर वाच. सही कुणाची आहे ते आधी बघ."

वेरोना परत आली ती निळी टोपी घालून आणि माझ्यासाठी भात शिजवायचं विजेचं भांडं घेऊन. गावात वीज फक्त कंपनीत आहे. त्या भांड्यात मी भोपळ्याच्या बिया ठेवते.

ती सुपरवायझर झाली. चाळीस बायकांच्या रांगेवर देखरेख. वाफवलेला मासा पुढ्यात येतो, सुरीने त्याचं पांढरं मांस एकीकडे काढायचं, काळपट दुसरीकडे. पांढरं युरोपला जातं. काळपट डब्यात भरून आमच्याच दुकानात परत येतं. तोवर म्हातारा मॅनेजर जाऊन त्याच्या जागी दानिलो मगबानुआ आले होते. माणूस वाईट नाही. पोरीबाळींशी अदबीने बोलतो, कुणी आजारी पडलं तर स्वतःची गाडी देतो. त्यांना नाताळात वेरोना म्हणाली, "साहेब, तुमच्या घरी पाहुणा मासा खातो आणि यजमान खरवड चाटतो का?"

"पांढरं बाहेर जातं म्हणून तुला पगार मिळतो," मगबानुआ म्हणाले.

"मग पगारात एक डबा घाला. आम्ही काय कापतो त्याची चव तरी कळू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच एक डबा तिच्या टेबलावर आणून ठेवला. तिने तो रांगेत फोडला आणि चाळीस जणींना चिमूट चिमूट दिला. डेल्मा नावाची तिची मैत्रीण आहे, कापण्यात सगळ्यांत वेगवान आणि जिभेलाही तितकीच. ती खाऊन म्हणाली, "ह्याला काहीच चव नाही. युरोपवाल्यांची दया येते."

मगबानुआ ह्यावर खूप हसले होते. मी हे मुद्दाम लिहिते आहे. तिच्यात आणि त्यांच्यात वैर नव्हतं.

मागच्या महिन्यात कंपनीच्या फळ्यावर नोटीस लागली. थंड गोदाम बांधायचं आहे, त्यासाठी ओढ्याच्या तोंडाची जागा घेतली आहे, वाळूतल्या पाण्यावर काँक्रीटची टाकी होईल. खाली कराराची प्रत जोडली होती. वेरोनाने आधी सही पाहिली. जमिनीचा मालक म्हणून तिच्या वडिलांची सही होती.

ती घरी आली तेव्हा एनोक बाहेर नारळ खवत बसले होते.

"बाबा, ओढ्याची जागा तुमची कधी झाली?"

त्यांचा हात थांबला. "त्यांनी विचारलं, घराचा मालक कोण. मी म्हटलं, मी."

"घराचा, बाबा. ओढ्याचा नव्हे."

"इंग्रजीत होतं सगळं."

"तुम्हाला इंग्रजी येतं."

एनोक पलीकडच्या गावचे, दुसऱ्या कुळातले. लग्न करून इथे आले. त्यांनी हातातली खोबऱ्याची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "एकतीस वर्षं मी ह्या जमिनीवर राहतोय. रताळी लावली, छप्पर शाकारलं, कुंपणं घातली. हिच्याबद्दल मला कुणी एकदासुद्धा काही विचारलं नाही. त्या मॅनेजरनं खुर्ची दिली. कॉफी दिली. म्हणाला, मिस्टर एनोक, तुमचं काय मत आहे?"

वेरोना त्यांच्याशेजारी खाली बसली आणि अर्धा नारळ हातात घेऊन स्वतः खवायला लागली. म्हणाली, "बाबा, तुम्ही आमचे आहात. पण आम्ही तुमच्या कुळातल्या नाही, आणि ओढाही नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

तिने मगबानुआंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, कागद मनिलाला गेलेला आहे, तिथल्या वकिलांनी तपासलेला आहे, कुटुंबप्रमुखाची सही आहे, अजून काय हवं. तिने लेखी दिलं. त्याचं उत्तर आलं नाही. आणि मंगळवारी पहाटे तराफ्यावरून खोदयंत्र उतरलं.

त्याच सकाळी तिने गोरगोर बांधली. यंत्र कंपनीच्या आवारात उभं होतं आणि ओढ्याकडे जायला गेट एकच. दोन्ही खांबांना तिने रानआलं आडवं बांधलं आणि बाजूला वाळूत बसली. मला निरोप आला म्हणून मी धावले. मी पोचले तेव्हा सकाळच्या पाळीच्या बायका ट्रकमधून उतरत होत्या. पहिलीने पाहिलं, ती थांबली. मागची तिच्यावर आदळली. मग सगळ्या रस्त्याकडेला बसल्या आणि सुपाऱ्या निघाल्या, चुन्याच्या डब्या निघाल्या. तीनशे बायका. आत बर्फात मासा पडलेला.

मगबानुआ स्वतः आले.

"वेरोना, हे काय आहे?"

"गोरगोर."

"ते दिसतंय मला. तू सुपरवायझर आहेस."

"आत असते तेव्हा. आत्ता मी बाहेर बसलेय."

ते तिच्यासमोर उकिडवे बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, आम्ही ऑस्ट्रेलियन नाही. माझा बाप मच्छीमार होता, दुसऱ्याच्या होडीवर. आम्हीसुद्धा गोऱ्यांच्या हाताखाली पिढ्या घालवल्या. आता कुठं आपल्यासारख्यांच्या कंपन्या देशाबाहेर पाय रोवतायत. हे मोडायचं आहे का तुला? तुम्ही भात खाता, आम्ही भात खातो. आपण भावंडं आहोत."

"भात आम्ही दुकानातून आणतो, साहेब. रताळं आमचं. आणि भावंडं म्हणता, तर आमच्यात भाऊ बहिणीच्या दारात न विचारता पाय ठेवत नाही."

"वयात आल्यावर तो तिच्याशी बोलतसुद्धा नाही," डेल्मा मागून म्हणाली. "साहेब, तुम्ही भाऊ झालात तर आम्हाला रांगेत कोण ओरडणार?"

बायका हसल्या. मगबानुआही हसले असते, पण त्या दिवशी त्यांना हसणं परवडणारं नव्हतं. ते उठले आणि खांबाकडे गेले. दोन बोटांनी मोडेल एवढा तो दांडा. त्यांनी हात पुढे केला, तसा गेटवरचा रखवालदार ग्रेगरी मध्ये आला. सेपिक नदीकडचा धिप्पाड माणूस, आमच्या कुळाशी त्याचं काही नातं नाही.

"साहेब, हात लावू नका."

"तू माझा नोकर आहेस की हिचा?"

"तुमचा. म्हणून तर सांगतोय. आमच्याकडे झाड निराळं असतं, पण गाठ हीच. तुम्ही ती तोडलीत तर उद्या हे गेट उघडायला मी नसेन. आणि दुसरा कुणी मिळायचा नाही."

मगबानुआंचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो विजारीला पुसला, आणि खरं तर त्याला काही लागलेलंच नव्हतं. आत यंत्र चालवणारा मुलूखभर हिंडलेला गडी होता. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, कुंपणापाशी येऊन म्हणाला, "कुणाकडे सुपारी आहे का?"

दुपारपर्यंत मला वाटलं, आपण जिंकलो.

दुपारनंतर मगबानुआंनी कंपनीच्या स्वतःच्या फोनवरून कावियेंगला माझ्या भावाला फोन लावला. त्याचं नाव मी लिहिणार नाही. बहीण भावाचं नाव घेत नाही, आणि वयात आल्यावर आम्ही समोरासमोर बोललेलो नाही. तो तिथे सरकारी कचेरीत आहे. मार्च महिन्यात कंपनी त्याला पाहुणा म्हणून जनरल सांतोसला घेऊन गेली होती. विमानाने, दोन आठवडे. परत आला तेव्हा त्याच्या अंगात कंपनीचं नाव शिवलेलं जाकीट होतं, आमच्या उकाड्यात.

त्याने मॅनेजरला सांगितलं, पोरीने मला न विचारता बांधली. कुळाच्या वतीने बोलणारा मी. शुक्रवारी येतो आणि सोडतो.

आणि ह्यात तो खोटं बोलला नव्हता. वेरोनाने त्याला विचारायला हवं होतं. तेवढ्यापुरती चूक तिची आहे. हे गेटवर सगळ्यांना कळलं, ग्रेगरीलाही कळलं. कुणी उठून गेलं नाही, पण सुपाऱ्यांच्या गप्पा थंडावल्या.

मी त्याच संध्याकाळी वहिनीला निरोप पाठवला. माझे निरोप तिच्याकडूनच जातात. ती मानुस बेटाची, आमच्या ओढ्याशी तिला काय देणंघेणं. उत्तर आलं, "ते म्हणाले, बघू."

आज दुपारी मी गेटवर तारोचा उकडलेला कंद आणि धुरावलेला मासा घेऊन गेले. वेरोनाने पानाची पुडी उघडली, वास घेतला, आणि पुडी डेल्माकडे सरकवली.

"तू खा आधी," मी म्हटलं.

"खाईन. बस ना."

मी बसले नाही. "वेरोना, तूच सोड. अजून तुझ्या हातात आहे. तू स्वतः सोडलीस तर नोकरी राहील, असं साहेबांनी मला सांगितलंय."

"आणि ओढा?"

"ओढ्याचं मग बघू."

"लूझताईच्या आजोबांनी हेच म्हटलं असेल."

"ते बाजूला ठेव. मामाला विचारलं नाहीस. चुकलीस तू."

"चुकले. दंडाचं डुक्कर देईन. दोन देईन. गावासमोर उभी राहून माफी मागेन. पण यंत्र मंगळवारी उतरलं, आई. मी कुणाला विचारत बसले असते तर बुधवारी वाळू राहिली नसती."

"उद्या तो सगळ्यांसमोर सोडेल. पोलीस असतील. मग काय करशील?"

"बसेन."

"मास्तरीणबाई, ओरडू नका तिला," डेल्मा मासा चघळत म्हणाली. "घंटा होऊन गेली. शाळा सुटली."

मला राग आला. डेल्माचा नव्हे, स्वतःचा. मी म्हटलं, "तुला वाटतं मला ओढ्याचं काही नाही? मी तिथलं पाणी पिऊन वाढले. पण कुळात बोलतो तो माझा भाऊ. त्याने एकदा ठरवलं की..."

"त्याने ठरवलं?" वेरोनाने मान वर केली. इतका वेळ ती शांत होती. "मामा कधीपासून ठरवायला लागला? आज्जी होती तोवर आज्जी सांगायची आणि तो बोलायचा. आज्जी जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून त्याला कुणी काही सांगितलंय का?"

मी खांबावरच्या गाठीकडे बघू लागले.

"कंपनीनं सांगितलं. विमानात बसवून, शेजारी बसून, दोन आठवडे सांगितलं. मग तो त्यांचंच बोलणार. आपण त्याला बोलायला दिलंय काय?"

"मी त्याच्याशी बोलू शकत नाही. तुला माहीत आहे ते."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर मी इथं बसलेय."

हे ती टोमणा मारल्यासारखं म्हणाली नाही. पाऊस आहे म्हणून छत्री घेतली, इतक्या सरळ म्हणाली. आणि मग पुडीतला उरलेला तारो उचलून खायला लागली, बहुतेक मला बरं वाटावं म्हणून.

मी घरी येईपर्यंत आणि आल्यापासून तेच ऐकते आहे.

इथवर लिहून वही चाळली. मी पोलिसांची काळजी लिहिली, धुळीची लिहिली, पंपाची लिहिली. ह्या सगळ्या काळज्या खऱ्या आहेत, पण त्या करायला सोप्या आहेत. आई गेली त्या दिवशी कुळातली थोरली बाई मी झाले. चटईवर आता माझी जागा आहे. चार वर्षं मी तिच्यावर बसले नाही. म्हटलं, शाळा आहे, तपासायला वह्या आहेत, भावाशी बोलायची रीत नाही, वहिनी निरोप नीट देत नाही. ती रिकामी चटई मगबानुआंना दिसली. त्यांच्या देशात रिकाम्या जागेवर जे करतात तेच त्यांनी इथे केलं. एका माणसाला खुर्ची दिली, दुसऱ्याला जाकीट दिलं. त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, माझ्या भावाला विचारलं. मला कुणी विचारलं नाही, ह्याचं मला वाईट वाटलं होतं. पण मी तरी कुठे आहे म्हणून सांगितलं होतं?

ते आम्हाला भावंडं म्हणतात. म्हणोत. त्यांचे आजोबाही किनाऱ्यावरून उठले, हे मला खरंच वाटतं. पण जे त्यांच्याकडून गेलं ते आमच्याकडून घेऊन भरून निघणार नाही. मोठी कंपनी व्हायचं असेल तर व्हा. चार नाही, चाळीस देशांत जा. ओढ्यापर्यंत या, बसा, आमचं डुक्कर खा. त्याच्या पुढे नाही. वकील मनिलाचे असोत नाहीतर लंडनचे, माझ्या आईने पायाने चालून दाखवलेली हद्द त्यांच्या शाईने सरकत नाही.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं.

एनोक जागेच होते. मी उठून त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "तुमच्या मेव्हण्याचा नंबर द्या." माझ्या फोनमध्ये तो नाही. कधी गरजच पडली नाही.

ते उठून बसले. "मी लावतो. तू सांग काय बोलायचं, मी त्याला सांगतो. रीतही राहील."

"नको. ह्या जमिनीबद्दल तुमचं बोलून झालंय."

ते शब्द फार कडू निघाले. वाटलं, आता ते तोंड फिरवतील. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या वहीच्या ह्याच पानाच्या समासात नंबर लिहिला, एक एक आकडा कोरून. मग म्हणाले, "त्याला सांग, माझी सही चुकीची होती. हे मी उद्या गेटवर स्वतः सांगेन. खुर्ची नसली तरी चालेल."

कंपनीची गाडी भावाला पहाटे पाचला कावियेंगहून उचलणार आहे. एकदा तो त्या गाडीत बसला की वाटभर त्याच्या कानाशी दुसरंच कुणी असेल. म्हणजे आत्ताच. झोपेतून उठवावं लागेल त्याला. माझा आवाज फोनवर तो ओळखेल की नाही कुणास ठाऊक, शेवटचा त्याने ऐकला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्याने फोन ठेवला तर मी पुन्हा लावीन. त्याचं नाव घेणार नाही, तेवढी रीत मी पाळीन. म्हणेन, आई बोलायची तिथून मी बोलते आहे. पोरीने तुला विचारलं नाही, त्याचं डुक्कर तुला मिळेल. आता मी सांगते ते ऐक, आणि उद्या लोकांसमोर उभं राहून तेच बोल. गाठ कुणी सोडायची नाही. इथपर्यंत. इथून पुढं पाणी आमचं.

गावात फोन लागतो तो फक्त चर्चजवळच्या नीरफणसाखाली, तोही उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर. तिथून गेट दिसतं. दुसरा पंप माझ्या कपाटात आहे, तो बरोबर घेते, फोन झाला की तिच्या हातातच देईन. एनोकनी बॅटरी शोधून दारात ठेवली आहे. आधी फोन.